विदोसावचा कागद

मी द्रिना नदीच्या घाटावरचा फळा बोलतोय. सांगतो ते अक्षरन् अक्षर खरं. ज्या अक्रोडातून माझा जन्म झाला त्याची शपथ! म्हणजे... अक्रोड नव्हे. नावाडी विदोसावची जुनी नाव मोडली, तिच्याच फळ्यांतून त्यानं मला ठोकून उभा केला.

आमच्याकडे माणूस गेला की माझ्यावर कागद लागतो. काळ्या काठाचा ख्रिस्ती, हिरव्या काठाचा मुसलमान. गाव आधी मला वाचतं, मग कॉफी पितं. न्हावी झुफेर रोज म्हणायचा, "आजही माझं नाव नाही. म्हणजे दुकान उघडणं आलं!"

गेल्या जत्रेला मला निळा तैलरंग दिला. लोक मला वाचायचं सोडून बघायला लागले. मी फुगलो. आणि दुसऱ्याच दिवशी नदीपलीकडे विदोसाव वारला. त्याची बायको स्तोयांका नावेतून आली, पिठाची खळ लावून कागद चिकटवला. "यानं अख्खं गाव नदीपार केलं," ती पुटपुटली, "उद्या गाव याला खांद्यावरून टेकडीवरच्या दफनभूमीत नेईल."

मला मात्र नव्या रंगावर तो काळा काठ नकोसा झाला. खळ ओली, रंग ओला. कागद सरकू लागला. माझ्या एका ढलपीला तो अडकला असता. मी अंग चोरलं. कागद नदीत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चची घंटा वाजली. माणसं माझ्यापुढे जमली.

"कोण गेलं रे?"

"फळा कोरा आहे. वरच्या खेड्यातलं असेल कुणी."

"मग चला, कॉफी निवतेय," झुफेर म्हणाला.

थोड्या वेळानं स्तोयांका कॉफीच्या दुकानाच्या दारात उभी. "झुफेर, चाळीस वर्षं फुकट नदी ओलांडलीस. खांदा द्यायला पाय मोडले काय?"

"वहिनी, फळ्यावर काहीच नव्हतं हो!"

"माझ्या हातानं लावलाय!"

सगळे माझ्याकडे वळले. मग झुफेर धावला, त्याच्यामागे बाजार धावला. शवपेटी टेकडीच्या मध्यावर होती. पुढचा खांदा झुफेरचा, नि रांग थेट नदीपर्यंत.

ही धावाधाव मी मनानं रचली; खरं तर कुणीच धावलं नाही. लाज सोसवेना म्हणून. स्तोयांका दारात आली ती दफन उरकून, टेकडी उतरूनच. दोन नातू, पाद्री आणि गाढवाची गाडी, एवढ्यांनीच त्याला नेलं होतं. दफनाला येणाऱ्या गावाला वाटायला रीतीप्रमाणे शिजवलेल्या गव्हाचं पातेलं तिच्या हातात तसंच काठोकाठ भरलेलं होतं. ते तिनं माझ्या पायाशी ठेवलं आणि नावेत जाऊन बसली.

आता माझ्यावर कागद लावाल तेव्हा खळीवर विसंबू नका. खिळा ठोका. मला दुखलं तरी चालेल.