गोळीचा पाचवा दिवस

बाटली मी खिडकीच्या उजेडात धरली. काल आतल्या लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होता. आज पलीकडचं बोट दिसेना. सूक्ष्मदर्शकाखाली तीत तांबडी पेशी एकही नव्हती. म्हणजे रक्त कुठून वाहत नव्हतं. देवमनच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, अंगातच ते विरघळत होतं.

१९६३ चा पावसाळा संपत आला होता. अमरावतीच्या हिवताप कार्यालयात मी रक्ताच्या काचपट्ट्या तपासत असे. देवमनचा हिवताप मीच शोधला, चौदा दिवसांच्या गोळ्या मीच सुरू करवल्या. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. तरी चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले, चार पावलांत दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, हिवतापानंही लघवी काळी होते, डोस चुकवू नका.

मी मात्र एका मासिकात वाचलं होतं: काही पुरुषांचं रक्त जन्मतःच ही गोळी सोसत नाही, आणि हा दोष आईकडून येतो. आईला विचारायला मी काल दिवसभर घाबरत होते. आज विचारलं.

"आई, तुया माहेरी कोनाची लघवी अशी काळी झाली होती का?"

ती चुलीपुढून हलली नाही. "किसनले झालती. तुया मूर्तिजापूरच्या मामाले. रेल्वेच्या दवाखान्यातल्या तापाच्या गोळ्या खाल्ल्यावर."

"मंग?"

"मंग काय, देल्ल्या फेकून उकिरड्यावर. पंधरा दिवसांत उठून बसला."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुले? तू लोकाइचे तोंडं उघडून पाहतं, गोळी गिळली का नाही. मामाले त तू पोलिसात देल्लं असतं!"

दारात सायकल टेकली. आमच्याच कार्यालयाचा पुंजाराम पुडी सोडत आत आला.

"ललिताताई, आज पाचवी. काय देवमनभाऊ, आ करता का नाक दाबू?"

देवमननं भिंतीला टेकून तोंड उघडलं. ओठ पांढरेफटक. माझं चुकलं तर हिवताप उलटणार होता. बरोबर असलं तर चार दिवस मीच त्याला मारत होते. डॉक्टर परतवाड्याला दौऱ्यावर, संध्याकाळशिवाय येणार नव्हते. पुंजारामनं गोळी चिमटीत धरली. आई पाण्याचा गडवा घेऊन उभी होती.

"नका देऊ," मी म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले, "पुंजारामभाऊ, गोळी आजपासून बंद. डॉक्टरले मी सांगीन."