ड्यूईचं डोकं कुठं होतं

कोल्टन स्टेटविरुद्धच्या सामन्याचा शनिवार उजाडला की वेंडेल टिडमोर सगळ्यांच्या आधी मॅकएव्हर कॉलेजच्या मैदानामागच्या गवताळ पार्किंगमध्ये येई आणि पिकॅनच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसे. मग हळूहळू ट्रक लागत, शेगड्या पेटत, डुकराच्या मांसाचा धूर फांद्यांत अडकून राही, आणि उकडलेल्या शेंगांची पहिली पिशवी फुटली की भांडण सुरू होई. दरवर्षी तेच भांडण. वेंडेलला ते फार आवडे, कारण त्या भांडणाचा निम्मा विषय तो स्वतः होता.

उरलेला निम्मा म्हणजे ड्यूई स्टॉलकप.

चाळीसेक वर्षांपूर्वी वेंडेल या मैदानावर पाहुण्या संघाकडून, म्हणजे कोल्टन स्टेटकडून, अमेरिकन फुटबॉल खेळला होता, तोच चेंडू काखेत मारून पळायचा आणि अंगावर धडका घ्यायचा खेळ. सामना संपत आलेला, शेवटची संधी, गोलरेषा हातभर अंतरावर, आणि चेंडू वेंडेलच्या काखेत. तो रेषेवर झेपावणार एवढ्यात मॅकएव्हर कॉलेजच्या ड्यूईनं त्याला अशी धडक दिली की वेंडेल उताणा पडला आणि चेंडू उडून बँडवाल्यांच्या ढोलांत जाऊन पडला. मॅकएव्हर जिंकलं. गावात त्या प्रसंगाला नुसतं ‘धडक’ म्हणतात. कुठली धडक, असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

ज्या मुलीच्या ढोलावर तो चेंडू आदळला ती नेल्डा. पुढं वेंडेलनं तिच्याशी लग्न केलं आणि तो याच गावात राहायला आला. पहिल्याच वर्षी सासऱ्यानं त्याला या झाडाखाली उभं केलं आणि म्हटलं, “जावईबापू, कसे पडला होतात ते एकदा दाखवा बघू.” वेंडेलनं दाखवलं. लोक इतके हसले की त्याची प्रथाच पडली. बर्फाची पेटी म्हणजे गोलरेषा, तिच्यामागं जुनी गादी, दरवर्षी नवा कुणीतरी ड्यूई होणार आणि वेंडेल वेंडेलच होणार. बँड वाजत मैदानाकडं गेला की हा खेळ व्हायचा. भोवती जमलेले लोक रेडिओवरचं वर्णन मोठ्यानं म्हणायचे. तो मूळ सामना टीव्हीवर दाखवला नव्हता, त्याची चित्रफीत नव्हती. होतं ते फक्त रेडिओवरचं वर्णन, आणि ते गावातल्या पोरासोरांनाही पाठ होतं.

“आजकालच्या पंचांनी ड्यूईला बाहेर काढलं असतं,” कर्टिस हॅगुड चिमट्यानं मांस उलटत म्हणाला. “सरळ डोकं घातलं त्यानं. म्हणून तर ती धडक! खांद्यानं काय, कुणीही ढकलेल.”

“मी चौथ्या रांगेत होतो,” होलिसकाका म्हणाले. त्यांची ऐंशी उलटली होती आणि आवाज अजून ट्रकच्या भोंग्यासारखा होता. “या डोळ्यांनी बघितलंय. हेल्मेट असं छातीत घुसलं! आवाज आला, दार आपटल्यासारखा.”

“काका, त्या चौथ्या रांगेत आत्तापर्यंत निम्मा अलाबामा बसून गेलाय,” नेल्डा म्हणाली. ती बटाट्याच्या सॅलडवर लाल तिखट भुरभुरत होती.

“मीही होतो,” कर्टिस म्हणाला.

“तू दोन वर्षांचा होतास.”

“वडिलांच्या खांद्यावर होतो. तिथून तर जास्त चांगलं दिसतं.”

“वेंडेलला विचारा ना,” कुणीतरी म्हणालं.

“त्याला काय विचारायचं?” होलिसकाकांनी ठरलेलं उत्तर दिलं. “तो तर झोपला होता!”

सगळे हसले, वेंडेलही हसला. हा विनोद त्यानं इतक्या वेळा ऐकला होता की तो आला नाही तर त्याला चुकल्यासारखं वाटलं असतं. खरं काय झालं ते सांगायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. ड्यूई चांगला माणूस होता. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. लोकांना जशी हवी तशी धडक त्यांनी ठेवावी, कुणाचं काय बिघडतं, असं त्याला वाटे.

या वर्षी मात्र बिघडत होतं.

कर्टिसची मुलगी डेला ट्रकच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसली होती. अकरा वर्षांची, काटक, गुडघ्यांपर्यंत येणारी हिरवी जर्सी घातलेली, पाठीवर ड्यूईचा आकडा. आज ड्यूई तीच होणार होती. वेंडेल गावातल्या लहान मुलांना फुटबॉल शिकवत असे, आणि डेलासारखं मन लावून खेळणारं पोर त्याला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. पण गुरुवारच्या सरावात तिनं डोकं खाली घालून धडक दिली होती. मानेला हिसका बसला आणि खांद्यापासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. डॉक्टरांनी बघितलं, काही झालेलं नाही म्हणाले, पुन्हा असं करू नको म्हणाले. वेंडेलनं तिला बाकावर बसवलं.

“कोच, मंगळवारच्या सामन्याला खेळवणार ना तिला?” कर्टिसनं आता विचारलं. आवाज साधा होता, पण चिमटा त्यानं खाली ठेवला.

“डोकं वर ठेवायला शिकली की खेळवीन.”

“ड्यूईला कुणी बाकावर बसवलं नाही.”

“ड्यूईचं वेगळं होतं.”

“काय वेगळं? इथलं प्रत्येक पोर त्या धडकेवरूनच खेळ शिकलंय. मीही तसाच शिकलो.”

“म्हणून तर तुझी मान गाडी मागं घेताना वळत नाही,” नेल्डा म्हणाली.

कर्टिस हसला नाही. डेला दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. ती बापावर जीव टाकणारी मुलगी होती. वेंडेलला माहीत होतं की मंगळवारी काय, पुढच्या दहा वर्षांतही ती मैदानात उतरेल तेव्हा कानात बापाचा आवाजच असणार. तो आवाज बदलल्याशिवाय तिला बाकावर बसवून उपयोग नव्हता.

तेवढ्यात ढोल वाजले. बँड रस्त्यानं गेला, हिरव्या टोप्या उन्हात चमकल्या, आणि मागोमाग लोक झाडाखाली जमू लागले. पेटी ठेवली गेली. गादी अंथरली गेली. डेला उडी मारून उतरली. कर्टिसनं तिच्या खांद्यांवर हात ठेवले आणि वाकून सांगितलं, “डोकं खाली, बाळा. ड्यूईसारखं. घाबरायचं नाही.”

या खेळात हेल्मेट कुणीच घालत नसे.

वेंडेल खुर्चीतून उठला. खेळ बंद करा असं तो म्हणू शकला असता. लोकांनी ऐकलंही असतं, पण डेलाला त्यातून एवढंच कळलं असतं की म्हातारा घाबरला. त्यानं टोपी नेल्डाकडं दिली.

“कर्टिस, आधी तू हो ड्यूई. पोरीला एकदा बघू दे.”

“मी?” कर्टिस खुश झाला. “कोच, तुमच्या बरगड्यांचं काय?”

“माझ्या बरगड्यांची काळजी करू नको. फक्त ड्यूईनं केलं तसंच कर. डोकं खाली, अगदी खाली. होलिसकाका, तुम्ही वर्णन म्हणा. सावकाश म्हणा.”

होलिसकाकांनी घसा साफ केला. लोकांनी मोबाइल वर धरले. वेंडेलनं चेंडू म्हणून पावाची लांबट पिशवी काखेत घेतली.

“शेवटची संधी!” काका गरजले, आणि सगळा जमाव त्यांच्याबरोबर म्हणू लागला. “टिडमोरकडे चेंडू. टिडमोर उजवीकडे निघाला...”

वेंडेल उजवीकडे निघाला. समोरून कर्टिस मान खाली घालून, खांदे फुगवून सुटला.

“नाही, डावीकडे वळला...”

वेंडेल डावीकडे वळला. फार नाही, एकच पाऊल, तेही दुखऱ्या गुडघ्याचं. कर्टिस त्याच्या शेजारून वाऱ्यासारखा गेला, पेटीला अडखळला, गादीवरून घसरला आणि थेट नेल्डाच्या टेबलाखाली शिरला. टेबल डुललं आणि सॅलडचं भांडं त्याच्या पाठीवर उपडं झालं.

पुढचे शब्द कुणालाच म्हणता आले नाहीत. होलिसकाका तर हसता हसता खोकू लागले.

“हे चालणार नाही!” कर्टिस टेबलाखालून ओरडला. “तुम्ही सरकलात!”

“मी तेव्हाही सरकलो होतो.”

“कधी?”

“आत्ता तूच म्हणालास. तुम्ही सगळे म्हणालात. ‘नाही, डावीकडे वळला.’ माझं लग्न झाल्यापासून दरवर्षी म्हणताय.”

हसणं हळूहळू कमी झालं. होलिसकाका ते शब्द स्वतःशी पुटपुटले. मग पुन्हा एकदा पुटपुटले, बोटानं हवेत आधी उजवीकडं आणि मग डावीकडं रेघ ओढत.

“मी शेवटच्या पावलाला वळलो,” वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज सरावात मुलांशी बोलताना असे तसाच होता, घाई नसलेला. “आणि तरीही ड्यूईनं मला गाठलं. कर्टिस, तुला का नाही गाठता आलं? तू त्याच्यापेक्षा काही हळू पळत नाहीस.”

कर्टिस कानातलं सॅलड काढत होता. “मला काय माहीत तुम्ही कुठं गेलात.”

“तुला काय दिसत होतं?”

“गवत.”

“बरं. मग ड्यूईला कसं कळलं?”

डेलाच्या कपाळावर आठी पडली होती. सरावात एखादा नवा डाव उमगत आला की तिच्या कपाळावर अशीच आठी पडायची, आणि वेंडेलला ती ओळखू येत असे. तो थांबून राहिला.

“तो बघत होता,” ती म्हणाली.

“काय बघत होता?”

“तुम्हाला. म्हणजे त्याचं डोकं वर होतं.” मग ती पुढं आली आणि तिनं जे विचारलं ते इतक्या वर्षांत तिथं कुणीही विचारलं नव्हतं. “कोच, पडायच्या आधी तुम्हाला शेवटचं काय दिसलं?”

“त्याचे डोळे,” वेंडेल म्हणाला. “करडे होते. डाव्या भुवईवर रेषेचा पांढरा चुना लागला होता. तो माझ्याकडं असा बघत होता, जणू मी त्याच्याकडून काही उसनं घेऊन पळतोय. मग त्याचा खांदा इथं बसला,” त्यानं बरगडीवर हात ठेवला, “आणि मग मी झोपलो, काका म्हणतात तसा.”

“पण मी हेल्मेट घुसताना बघितलंय!” होलिसकाका म्हणाले, आता आवाज भोंग्यासारखा नव्हता. “चौथ्या रांगेतून.”

“कुठल्या बाजूची चौथी रांग, काका?”

“उत्तरेकडची. जिथं आम्ही कायम बसतो.”

“मी दक्षिणेकडं पळत होतो. तुम्हाला माझी पाठ दिसली.”

लोक पुन्हा हसले, आणि काकाही हसले, कारण ते खरं होतं आणि कारण चूक मोठी असली की हसायलाच बरं पडतं.

“आणि रेडिओवाला?” कर्टिसनं शेवटचा प्रयत्न केला. “‘ड्यूईनं डोकं घातलं’ असं तो स्वच्छ म्हणतो.”

“तो वर, रेडिओवाल्यांच्या खोलीच्या खिडकीत बसला होता. खांदा छातीवर बसतो तेव्हा डोकं बाजूनं निघून जातं, समोरच्याच्या काखेपाशी. वरून बघणाऱ्याला दोन हेल्मेटं एकाला एक लागलेली दिसणार. तो खोटं बोलला नाही. त्याला दिसलं ते त्यानं सांगितलं, आणि आपण सगळे तेच सांगत राहिलो.” वेंडेल कर्टिसकडं वळला. “ड्यूईनं डोकं खाली घातलं असतं ना, तर तो तुझ्यासारखा ढोलांत जाऊन पडला असता आणि आम्ही जिंकलो असतो. त्यानं बघितलं म्हणून तुम्ही जिंकलात. ती धडक मोठी आहे ती त्यासाठी. मला विचार, मी खाल्लीये.”

कर्टिसनं पाठीवरचं उरलेलं सॅलड झटकलं. मग तो मुलीसमोर गुडघ्यावर बसला, तिच्या जर्सीची बाही उगाचच सरळ केली आणि म्हणाला, “ऐकलंस ना? बघायचं. शेवटपर्यंत समोरच्याकडं बघायचं.”

“तुम्ही तर म्हणाला होतात...”

“मी गवताकडं बघत होतो, बाळा.”

पेटी पुन्हा जागेवर आली, गादी झटकली गेली. होलिसकाका पुन्हा म्हणू लागले आणि जमाव त्यांच्यामागं. टिडमोर उजवीकडे निघाला. डेला निघाली, गुडघ्यात वाकलेली, पाठ सपाट, हनुवटी वर. नाही, डावीकडे वळला. तीही वळली. वेंडेलला तिचा चेहरा सरळ समोर दिसला, ओठ घट्ट मिटलेले. मग तिचा खांदा त्याच्या बरगडीखाली बसला, डोकं काखेशेजारून निघून गेलं, आणि तो मनापासून गादीवर उताणा झाला. या वर्षी त्याला पडण्याचं नाटक फारसं करावं लागलं नाही.

“आडवा केला!” लोक ओरडले. ‘डोकं घातलं’ म्हणायच्या वेळी निम्म्यांनी ते म्हटलं, निम्म्यांनी गिळलं, आणि वर्णन मधेच जरा लंगडलं.

डेला त्याच्या छातीवर हात टेकून उठून बसली.

“डोकं कुठं होतं?” वेंडेलनं धापा टाकत विचारलं. सरावात प्रत्येक धडकेनंतर तो हेच विचारत असे.

“वर होतं. कोच, तुमच्या डाव्या डोळ्यात तपकिरी ठिपका आहे. बुबुळाच्या खाली.”

“बरोबर आहे,” नेल्डा टेबलामागून म्हणाली. “मला तो शोधायला दोन महिने लागले होते.”

“मंगळवारी लवकर ये,” वेंडेलनं डेलाला सांगितलं. “तू पहिल्या फळीत आहेस.”

त्याला उठवायला कर्टिसनं हात पुढं केला. त्याच्या कॉलरवर अजून बटाटा होता. वेंडेल अर्धा उठला, तेव्हा कर्टिसनं हात तसाच धरून ठेवला.

“कोच, मला अजून एकदा करू द्या. या वेळी बघतो.”

वेंडेलनं आधी त्याच्या रुंद खांद्यांकडं पाहिलं, मग आपल्या बरगड्या चाचपल्या.

“गादी जरा मागं घ्या,” तो म्हणाला, “आणि नेल्डा, तू टेबल हलव.”