थाळ्याखालचं नाव

तागुहीने ओल्या फडक्याने थाळ्यावरची जळकी माती पुसली, तसं खालून सोनं उजळत आलं. सोनं नव्हतंच ते. चांदी-तांब्याचा लेप होता. पण भट्टीच्या धुरात त्याला जी लकाकी चढते, ती सोन्यालाही नसते. मधोमध द्राक्षांचा वेल होता आणि काठाभोवती आर्मेनियन अक्षरांत प्रार्थनेची ओळ.

"तडा गेलाय का गं?" होवाकिमने विचारलं.

"नाही, बाबा."

त्याने थाळ्यावरून बोटं फिरवली. ही लकाकी बोटांना कळत नाही, डोळ्यांनाच कळते. आणि त्याचे डोळे जाऊन दोन वर्षं झाली होती. इस्फहानच्या जुल्फा वस्तीत मात्र सगळे धरून चालत, की दिसत नसलं तरी म्हाताऱ्याचा हात अजून चालतो. तो समज घरानेही कधी मोडला नव्हता.

थाळा द्राक्षांच्या सणासाठी चर्चमध्ये जायचा होता. तो न्यायला पाद्री तेर मिनास आले, आणि नदीपलीकडून उस्ताद करमअलीही. सख्ख्या पुतण्यांना डावलून त्यांनी ही विद्या होवाकिमला, एका आर्मेनियन पोराला, दिली होती.

करमअलींनी थाळा उन्हात तिरका धरला. वेलाच्या एकेका पानावरून त्यांनी नजर फिरवली.

"गाढवा," शेवटी ते म्हणाले, "असा वेल तुला तरुणपणीसुद्धा जमला नव्हता."

होवाकिम खुशीत हसला. "पाद्रीबाबा, खालचं नाव वाचून दाखवा त्यांना."

तागुहीने हातातलं फडकं घट्ट पिळलं. नाव घालताना तिने बाबांना विचारलं नव्हतं.

तेर मिनासनी थाळा उलटा केला आणि घसा खाकरला.

"होवाकिमची लेक तागुही, हिच्या हातचं."

होवाकिमने मान लेकीकडे वळवली; पण ती उभी होती तिथून जरा डावीकडेच.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला.

पाद्रींनी पुन्हा वाचलं.

"अहो, मोठ्यानं वाचा. उस्तादांना हल्ली कमी ऐकू येतं."

बंद भट्टीत भांडं तडकलं तर रस्त्यावरून ओळखणाऱ्या करमअलींनी मुकाट्याने कानामागे हात धरला.