हॉजसनांची मोजदाद

बोटावरची रबरी टोपी आतून दमट झाली होती. तपकिरी, बारीक पुटकुळ्यांची, कचेरीत कागद चाळणारे कारकून घालतात तसली ती टोपी पद्माकरने काढली, तिच्यात फुंकर मारली, पुन्हा घातली आणि लगेच पुन्हा काढली... कारण अजून पान उलटायची वेळच आली नव्हती. समोर रेडिंग भागाची टेलिफोन डायरेक्टरी मिटलेली पडून होती. साडेदहापासून ती तशीच होती आणि आता अकरा वाजून गेले होते. बुधवारी ही लायब्ररी एकला बंद होते हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच तो नेमका बुधवारी आला होता—वेळ कमी पडला, राहून गेलं, असं घरी जाऊन म्हणता यावं म्हणून. म्हणायचं कुणाला, हा प्रश्नच होता. लंडनच्या टोकाला असलेल्या स्टॅनमोरच्या त्या घरात तीन वर्षं त्याच्याशिवाय कुणी राहत नव्हतं.

टोपी एडविनने पाठवली होती. एडविन हॉजसन, केंडल गावचा भूगोलाचा निवृत्त मास्तर. पद्माकरने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण गेल्या दोन वर्षांत एडविनइतकी पत्रं त्याला दुसऱ्या कुणाचीही आली नव्हती. या माणसाला एकच वेड होतं. देशात हॉजसन आडनावाची माणसं कुठे किती आहेत ते शोधायचं आणि नकाशावर ठिपके द्यायचे. त्यासाठी गावोगावच्या फोन डायरेक्टऱ्या उघडायच्या, त्यातले हॉजसन मोजायचे, एक ओळ म्हणजे एक घर, आणि आकडा त्याला कळवायचा. तीसेक जण हे काम फुकट करत होते, सगळे जन्माने नाहीतर लग्नाने हॉजसन. अपवाद एकटा डॉक्टर पद्माकर वामन दातार. 'तुमचा या नावाशी संबंध काय?' असं एडविनने पहिल्याच पत्रात मोकळेपणाने विचारलं होतं, आणि पद्माकरने बराच वेळ पेन धरून बसून शेवटी लिहिलं होतं, 'लांबचा. लग्नातून आलेला.'

लांबचा! पोटची मुलगी, एकुलती एक, आणि म्हणे लांबचा.

दक्षिणेकडच्या वीस डायरेक्टऱ्या त्याच्या वाट्याला आल्या होत्या. ब्रायटन झालं, कँटरबरी झालं, बोर्नमथ, ऑक्सफर्ड... एकोणीस झाल्या. 'बर्कशरचा तेवढा कोपरा पांढरा राहिलाय, डॉक्टर,' असं एडविनने परवाच्या पत्रात लिहिलं होतं, 'बाकी नकाशा तयार आहे.' आणि हा कोपरा पांढरा का राहिला ते पद्माकरला पक्कं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीच्या मंडळाच्या दिवाळीत, बटाटेवड्याची प्लेट त्याच्या हातात देता देता सुहासिनीबाई आवाज खाली आणून म्हणाल्या होत्या, "दातार, तुम्हाला सांगू की नको कळत नाही, पण आमच्या धाकटीला शिल्पा भेटली. ब्रॅकनेलच्या शॉपिंग सेंटरमध्ये. तिथेच कुठेतरी घर घेतलंय त्यांनी, त्याचा कॉम्प्युटरचा जॉब आहे ना तिकडे. शी लुक्ड व्हेरी वेल, असं म्हणाली." त्याने "असं का" म्हटलं आणि वडा खाल्ला. पुढच्याच आठवड्यात लायब्ररीच्या फळ्यावर एडविनची चिठ्ठी दिसली. मोजायला माणसं हवी आहेत. ब्रॅकनेल रेडिंगच्या डायरेक्टरीत येतं हे त्याने त्याच दिवशी पाहून ठेवलं होतं, आणि ती डायरेक्टरी उचलून कपाटाच्या अगदी टोकाला नीट लावून ठेवली होती. पहिल्याच दिवशी सापडली असती मला ती. पाच मिनिटांचं काम होतं.

त्याऐवजी मी दोन वर्षं परक्या गावांतले हॉजसन मोजले.

पण मोजता मोजता ते नाव त्याच्या ओळखीचं होत गेलं, हेही खरं. एडविनची पत्रं लांबलचक असत. रॉजर हे नाव नऊशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या सरदारांबरोबर आलं, इथल्या शेतकऱ्यांनी ते उचललं आणि घरोघरी त्याचं रॉज झालं, रॉजचं यमक जुळवून हॉज—रिचर्डचं रिक आणि रिकचं डिक होतं तसं. गावात चार हॉज झाले की त्यांच्या पोरांना 'हॉजचा मुलगा' म्हणायचे, हॉजसन, आणि मग कधीतरी करवसुलीच्या वहीत ते लिहिलं गेलं आणि कायमचं चिकटलं. दक्षिणेत हॉजेस म्हणून भागलं, उत्तरेत सन लावल्याशिवाय चैन पडेना. 'आमचा मूळपुरुष एक नाही, डॉक्टर,' एडविनने लिहिलं होतं, 'दर खोऱ्यात एकेक हॉज होता. आम्ही एकमेकांचे कुणीच नाही. फक्त प्रत्येकाच्या मागे कुणी एक बाप आहे, ज्याला लोक लाडाने हाक मारत.' मग त्या खोऱ्यांतून माणसं खाणींत गेली, जहाजं बांधायला गेली, रेल्वेबरोबर खाली लंडनपर्यंत उतरली, आणि नकाशावरचे ठिपके वर दाट, मध्ये विरळ, खाली तुरळक होत गेले.

आणि गंमत अशी की वरचे दाट ठिपके पद्माकरने स्वतः पाहिले होते. बासष्ट साली तो आला तेव्हा पहिली नोकरी त्याच भागात, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. एका वॉर्डात चार हॉजसन! सिस्टर त्यांना खिडकीवाला हॉजसन, दारावाला हॉजसन असं ओळखायची. पद्माकरने हे बायकोला, मधुमतीला, पुण्याला पत्रातून कळवलं होतं आणि तिने उलट लिहिलं होतं, 'आपल्याकडे प्रत्येक आळीत जोशी तसंच की हे.' किती हसला होता तो ते वाचून, त्या गारठलेल्या खोलीत, एकटाच.

मग ते नाव चौऱ्याऐंशी साली घरात आलं तेव्हा मात्र त्याला हसू आलं नाही. शिल्पा सोफ्याच्या काठावर बसली होती, कोट न काढता. इथेच जन्मलेली मुलगी, मराठी बोलायची तर लिंग-वचनाचा सगळा गोंधळ, पण त्या दिवशी मुद्दाम मराठीत बोलत होती, बहुतेक वाटेत ट्रेनमध्ये पाठ करत आली असावी. "बाबा, मी निर्णय घेतली आहे." आणि तो म्हणाला, "घेतला." तिला क्षणभर कळलंच नाही. "निर्णय घेतला," तो म्हणाला. मधुमती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. मग शिल्पा इंग्लिशमध्येच म्हणाली की जूनमध्ये रजिस्टर्ड लग्न आहे, ग्रॅहमला तुम्ही एकदा तरी भेटा, आणि हो, मी त्याचं नाव लावणार आहे. त्यावर पद्माकरने शांतपणे—केवढा अभिमान वाटला होता त्याला तेव्हा आपल्या शांतपणाचा—सांगितलं की हॉजसन नावाच्या कुणाला मी ओळखत नाही. ती "ओके, बाबा" म्हणाली आणि उठली.

तिचा नवरा भेटला तो फक्त एकदाच, तीन वर्षांपूर्वी मधुमतीच्या क्रियेला, क्रिमेटोरियमच्या दारात. उंच, लालसर कानांचा, ढगळ काळ्या सुटातला. त्याने हात पुढे केला होता. पद्माकरने सगळ्यांना केला तसा त्यालाही नमस्कार केला आणि पुढे सरकला. शिल्पा त्याच्या मागे उभी राहून आईसारखीच रडत होती, तोंडावर रुमाल दाबून, आवाज न करता.

मधुमतीला तिचा नंबर माहीत असणार. रोज तो हॉस्पिटलात गेल्यावर मायलेकी बोलत असणार. पण नंबर तिने कुठेही लिहून ठेवला नव्हता. त्याने सगळं पाहिलं—तिची डायरी, मसाल्याच्या डब्याखालची कागदं, पर्स. नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून बाईने तो पाठ केला होता, आणि बरोबर घेऊन गेली. इतकी भीती वाटायची तुला माझी, मधू?

"डॉक्टर दातार," काउंटरवरची मिसेस पीक हलकेच म्हणाली, "अजून अर्धा तास हं."

त्याने मान हलवली, टोपी बोटावर चढवली आणि पुस्तक एकदाचं उघडलं. एच. हॉजेस, हॉजेस, हॉजेस, एक अख्खा रकाना आणि वर थोडे. मग हॉजसन. ए., ए. जे., बी... पेन्सिलीने कागदावर चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. छाती इतकी धडधडत होती की सवयीने त्याची बोटं मनगटावर गेली. सी., डी., डी. आर., ई... आणि मग जी. पहिला जी. मेडनहेडचा. दुसरा जी. ब्रॅकनेल. एका क्लोजमधलं, बंद गल्लीतलं, सात नंबरचं घर. आणि फोन नंबर.

झालं. एवढंच. एक ओळ, वरच्या-खालच्या ओळींएवढीच.

त्याने ती पुन्हा वाचली आणि मग काहीतरी शोधत राहिला, ओळीच्या आधी, नंतर, पुढच्या रकान्यात एस.पर्यंत जाऊन आला. शिल्पा कुठेच नव्हती. साहजिक होतं. नवऱ्याच्या नावाचा फोन. आमच्या हॅरोच्या डायरेक्टरीत तरी मधुमती कुठे होती? दातार पी. व्ही., बस्स. आणि समजा शिल्पाने देशपांड्यांचा मुलगा केला असता? डॉक्टर, पुण्याचा, आपल्यातला. तर तिच्या नावामधलं पद्माकर त्याच दुपारी पुसलं गेलं असतं, तिथे त्या पोराचं नाव बसलं असतं, तांदळाच्या ताटात अंगठीने पहिलं नावदेखील नवं लिहिलं गेलं असतं, आणि मी शेरवानी घालून दारात उभा राहून लोकांना पेढे वाटले असते. रागावलो कशावर मी? नाव पुसलं त्यावर नव्हे. मला न विचारता पुसलं त्यावर.

मधुमतीचं नाव आधी अलका होतं.

हे त्याला कित्येक वर्षांत आठवलं नव्हतं. ताटातल्या तांदळात 'मधुमती' त्यानेच लिहिलं होतं, आवडलं म्हणून. तिचे वडील, नाना, वाईचे, बाजूलाच बसले होते आणि छान नाव आहे म्हणाले होते. मग पुढे ही इकडे आली तेव्हा नाना वर्षातून एकदा, भाऊबिजेच्या आसपास, पुण्याला भाच्याकडे येऊन ट्रंककॉल लावत. तासन्‌तास बसून लाइन मिळायची, ती तीन मिनिटं. फोन उचलायचा पद्माकर. पलीकडून खरखरत आवाज यायचा, "जावईबापू, आमची अलका आहे का हो घरात?" आणि पद्माकर दरवर्षी, अगदी न चुकता, म्हणायचा, "अलका? छे बुवा, अलका नावाचं कुणी राहत नाही इथे! आमची मधुमती आहे, देऊ का?" आणि नाना हसायचे. तीन मिनिटांतला तो वेळ वाया जात असताना हसायचे, मग म्हणायचे, "हो हो, चुकलो, मधुमती, मधुमतीला द्या." फार गमत्या माणूस आहेत तुझे वडील, असं पद्माकर फोन तिच्या हातात देताना म्हणायचा. ती पाठ वळवून फोन कानाला लावायची.

ते हसणं आता त्याला नीट ऐकू आलं. वीस वर्षांनी, या टेबलापाशी. आणि त्याला इतकी लाज वाटली की त्याने डायरेक्टरीवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

बारा वाजून पंचावन्न. त्याने उरलेले हॉजसन मोजले, घाईघाईने, पण एकही न गाळता, ब्रॅकनेलचा धरून. आकडा पाकिटात घातला, पाकिटावर एडविनचा पत्ता लिहिला, मिसेस पीकला थँक यू म्हटलं आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये आला. तिथे भिंतीवर फोन होता. खिशात हिरवं फोनकार्ड होतं, एका लहान कागदावर नंबर उतरवलेला होता... कधी उतरवला ते मात्र आठवेना. बुधवार, भर दुपार. तो ऑफिसात असेल. तीही असेल. किंवा नसेल. आजारी असेल, सुट्टीवर असेल, घरात कुणी लहान असेल... सहा वर्षं झाली, का नसेल?

रिसीव्हर उचलून त्याने कानाला लावला. काय म्हणायचं? 'डॉक्टर दातार बोलतोय'—तीस वर्षं प्रत्येक फोनवर हेच म्हटलंय, लोकांना वाटायचं हॉस्पिटलातून वाईट बातमी आली. 'पद्माकर'? त्या घरात ते नाव कुणी घेत असेल कशाला. रविवारच्या मराठीच्या वर्गाला शिल्पाला घेऊन जायचा तेव्हा तिथल्या बायका त्याला शिल्पाचे बाबा म्हणत, आणि त्याला ते जरा खटकायचंच. एवढा शिकलेला माणूस मी, आणि पोरीच्या नावाने ओळखायचं! "शिल्पाचे बाबा," तो आत्ता तोंडातल्या तोंडात म्हणाला. मग इंग्लिशमध्ये म्हणून पाहिलं. दारातून बाहेर पडणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. एवढंच नाव त्या घरात चाललं तर चालेल, दुसरं कुठलंच नाही, आणि तेही चालेल की नाही हे त्यांच्या हातात, हे त्याला आत्ता कळलं.

कार्ड आत सरकलं. डायल टोन लागला होता, एकसुरी, थांबलेला. शिल्पाने उचलू नये, असं त्याला वाटलं, आणि आपल्याला असं वाटतंय याचं त्याला नवल वाटलं. ग्रॅहमने उचलावा. ग्रॅहम—नाव त्याने पहिल्यांदाच मनातल्या मनात सबंध उच्चारलं. ग्रॅहम, आमची शिल्पा आहे का घरात? त्यालाच विचारायला हवं ते. आणि त्यावर तो काय म्हणायचं ते म्हणू दे, कितीही वेळ घेऊ दे. मी हसेन.