पोटच्या पोरीचं माप

शिवणवाल्या बाईंना अख्ख्या गल्लीची मापं तोंडपाठ, पण पोटच्या पोरीच्या अंगाला त्यांनी कधी टेप लावली नव्हती. लावणार कशी? पोरगी स्वमग्न. कुणाचा हात लागला की किंचाळायची, मिक्सर सुरू झाला की कान दाबून स्वतःभोवती गरगर फिरायची. म्हणून तर घरात तिचं नाव भिंगरी पडलं. तिचे कपडे बाई जुन्या कपड्यावरून अंदाजाने बेतायच्या, तेही ढगळ.

पंधरा वर्षं तिने घर डोक्यावर घेतलं होतं. यंदा नव्या शाळेत गेली आणि चार महिन्यांत अशी काही निवळली, की विचारू नका. ओरडणं बंद, फिरणं बंद. पाहुणे आले तर कोपऱ्यात मुकाट बसून राहायची. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, खूपच प्रगती आहे. आत्या म्हणाली, वहिनी, तुझ्या कष्टांचं चीज झालं. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. पोरगी हल्ली शाळेतून आली की नुसती पडून असते, लिफ्टच्या यंत्रांबद्दलची तिची अखंड बडबड थांबलीय, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण इतक्या वर्षांनी मिळालेली शांतता मोडायला कुणाच्या जिवावर येणार नाही?

परवा दुपारी नव्या फ्रॉकचं कापड पसरताना बाई सहज म्हणाल्या, माप घेऊ का? भिंगरी उठून समोर उभी राहिली आणि आपणहून हात वर केले. बाईंचे डोळेच भरून आले. त्यांनी कमरेभोवती टेप घेतली आणि ओढतच राहिल्या. ढगळ सदऱ्याखाली पोरगी होतीच कुठे? नुसती हाडं. बावीस इंच. शेजारच्या चौथीतल्या पोरीचं माप.

टेप तशीच धरून बाईंनी विचारलं, "डबा रोज रिकामा आणतेस ना गं?"

"कुत्र्याला घालते."

"का?"

भिंगरी भिंतीकडे बघत सपाट आवाजात म्हणाली, "मी ओरडणं बंद केलं, सगळे खूश झाले. बोलणं बंद केलं, आणखी खूश झाले. मग मी एकेक बंद करत गेले. आता थोडंच उरलंय."

बाईंनी तिला घट्ट कवटाळलं. पोरगी किंचाळली नाही, सुटायला धडपडली नाही, आणि आता त्याचीच बाईंना भयंकर भीती वाटली. तिला तशीच एका हाताने धरून त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे फोन लावला. तिकडच्या मुलीने नाव, वय लिहून घेतलं आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, मुलगी काय त्रास देते?



"काहीच नाही हो," त्या म्हणाल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या. "काहीच त्रास देत नाही ती. आजच्या आज बघा तिला."