उलटी जोडलेली बॅटरी

दादा आणि ठमी खिडक्या धुण्याच्या धंद्यात पडले त्याला एकोणीस वर्षं झाली होती. ठमी म्हणजे दादाची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी त्याच्या तोंडी ती ठमीच राहिली. गाडीत मागे पाण्याची टाकी, टाकीला लागून पंप, पंपाला बॅटरी, आणि तिथून निघालेला लांबलचक पाइप दांड्याच्या टोकावरच्या ब्रशापर्यंत. शिडी न लावता तिसऱ्या मजल्याची काच जमिनीवरून धुता यायची. हे सगळं दादाने स्वतःच्या हाताने जोडलेलं. ठमीने दांडा धरायचा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, अशी त्यांची वाटणी होती.

त्या सकाळी शाळेच्या इमारतीपुढे ठमीने गाडी लावली, पाइप सोडला, बटण दाबलं, तर पंप ढिम्म. घरघर नाही की पाण्याचा थेंब नाही.

"कालच तर नवी बॅटरी बसवलीय," दादा म्हणाला. "फ्यूज गेला असेल. बदल बघू."

ठमीने फ्यूज बदलला. तो बसवल्याबरोबर उडाला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला.

"मीटर काढ. तूच लाव, माझा गुडघा आज वाकत नाहीये."

हल्ली सगळं त्या गुडघ्यावर जायचं. गाडी चालवणंही त्याने गुडघ्यापायीच सोडलं होतं. ठमी वाकून आत शिरली.

"लाल पिन लाल वायरला, काळी काळीला. किती दाखवतंय?"

"बारा पॉइंट सात."

"मग बॅटरी ठणठणीत आहे."

"पण आकड्याआधी वजाची खूण आहे, दादा."

"पिना उलट्या धरल्यास."

तिने पुन्हा लावून पाहिल्या. पुन्हा वजा. मग बाहीने बॅटरी पुसली. प्लॅस्टिकवर अधिकची खूण चांगली बोटभर कोरलेली होती, आणि तिथेच काळी वायर घट्ट आवळलेली होती. जुन्या बॅटरीची अधिक बाजू डावीकडे होती, या नवीची उजवीकडे. दादाने हाताच्या सवयीने जोडून टाकलं होतं. पण खूण एवढी ठसठशीत, आणि वायरींचे रंग तर आंधळ्यालाही कळावेत असे. हा शब्द मनात आला आणि ती जागच्या जागी थबकली.

हत्यारांच्या डब्यातून तिने वायरचे दोन तुकडे उचलले आणि त्याच्या हातात दिले.

"यातली लाल कुठली?"

दादाने तुकडे उन्हात धरले, डोळ्यांजवळ नेले, मान तिरकी करून पाहिले. "दोन्ही काळ्याच आहेत की."

एक तुकडा टोमॅटोसारखा लालभडक होता. खालच्या मजल्याच्या काचा दादा हाताने पुसायचा, त्यांवर गेले काही महिने ओघळ राहायचे. गिऱ्हाइकं कुरकुरायची आणि ती गुपचूप जाऊन पुन्हा पुसून यायची. वय झालं, म्हणून तिने कानाडोळा केला होता.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. डोळ्याची नस सुकत चाललीय म्हणाला. गेलेली नजर परत येत नाही. आहे ती टिकावी म्हणून थेंब दिलेत."

"हे कधी म्हणाला?"

"थंडी संपताना."

"आणि मला आज कळतंय, तेही मीटरवरून."

दादा वायरचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिला. "तुला सांगितलं असतं तर तू मला गाडीत बसू दिलं असतंस? तुझी वहिनी गेल्यापासून ते घर खायला उठतं, ठमे. सकाळी तुझा हॉर्न वाजतो म्हणून मी दाढी करतो."

ठमीने मीटर डब्यात आपटला. "वायर पेटली असती म्हणजे? आत मी होते."

"तेच आता डोक्यात घोळतंय," तो म्हणाला.

मग दुरुस्ती झाली. तो पायरीवर बसून सांगत गेला, ती करत गेली. आधी दोन्ही वायरी सोडव. पाना बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकू देऊ नकोस. आता अधिकची लाव, मग उण्याची. पंपाचा वेग कमीजास्त करायची डबी मात्र उलट्या करंटने कायमची गेली होती. ती बाजूला काढून ठमीने नवा फ्यूज घालून पंप सरळ बटणाला जोडला. पंप घरघरला. पाणी आलं, पण अडखळत.

"हवा ओढतोय," दादा जागेवरूनच म्हणाला. "टाकीजवळचा जोड ढिला असेल."

तो ढिलाच होता. ठमीने आवळला आणि धार नीट लागली. इतकं अचूक ऐकणाऱ्या माणसाला घरी बसायला कुठल्या तोंडाने सांगायचं, हे तिला दुपारपर्यंत कळलं नाही. तिने काचा धुतल्या, त्याने पाइप सोडला आणि गुंडाळला.

घरापाशी गाडीतून उतरताना दादानेच विषय काढला. "उद्यापासून दुसरं कुणी बघ. मी असताना तुला दुप्पट काम पडतं."

"मी तक्रार केली का?"

"नाही केलीस. तेच वाईट."

दुसऱ्या दिवशी तरीही तिने त्याच्या दारात गाडी थांबवली. दादा पायरीवर बसला होता. दाढी केलेली, कामाचे बूट चढवून नाडी बांधलेली.

"येतोस?"

"नाही गं. सवयीने घातले." तो वाकून नाडी सोडू लागला. गाठ त्याला दिसत नव्हती, बोटांनी शोधत होता.

ठमीने गाडी बंद केली आणि त्याच्याशेजारी जाऊन बसली. गाठ सोडायला तिने हात पुढे केला नाही. पहिल्या गिऱ्हाइकाचा फोन दोनदा वाजून थांबला, तरी ती उठली नाही.