ओढ्यापलीकडची शाळा

"दोन शाळा, मुलं मूठभर. एकच ठेवायचीय. मास्तर, तुम्हीच सांगा, चांगली कोणती?"

तपासणीला आलेल्या साहेबांनी कप खाली ठेवला. मास्तरांनी मान खाली घातली. ओढ्याअलीकडची शाळा त्यांची, पलीकडची त्यांच्या बायकोची. दोन्ही चौथीपर्यंत, एकेका शिक्षकाच्या. रोज सकाळी दोघं एकाच दाराला कुलूप लावून निघत आणि पुलापाशी वेगळी होत.

मास्तरांच्या शाळेवर नवे पत्रे होते, दारात नळ होता. बाईंच्या शाळेत यातलं काही नव्हतं. पण तिकडची दुसरीतली मुलं धडाधड वाचत, चुकली तर हसत. मास्तरांची मुलं त्यांच्यासारखीच, उत्तर येत असूनही गप्प बसणारी.

जी शाळा राहील तिचा शिक्षक राहील, असं मास्तरांनी धरलं.

"बाईंची," ते म्हणाले.

"घरी जेवायचंय ना!" साहेब हसले आणि त्यांनी तसंच वर कळवलं.

संध्याकाळी भाजी चिरता चिरता बाई म्हणाल्या, "अहो, माझ्यावर उपकार म्हणून नाही ना बोललात?"

"नाही गं. खरं तेच सांगितलं."

"मग तुमचं काय?"

"पाठवतील कुठेतरी. दोन वर्षं तर राहिलीत नोकरीची. मला काय, पुस्तक असलं की झालं."

"पुस्तक डबा नाही भरून देत," बाई म्हणाल्या. पण खूश होत्या.

महिन्याभरात हुकूम आला. पलीकडची शाळा राहिली. शिक्षक मात्र नोकरीत जुना असेल तो राहणार होता. मास्तर राहिले. बाईंची बदली एका दिवसाच्या वाटेवरच्या गावी झाली.

मास्तर साहेबांच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. "मग मला विचारलंत कशाला?"

"इमारतीचं विचारलं होतं हो. माणसाचं आधीच ठरलेलं असतं."

घरी येऊन त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. बाई साड्यांच्या घड्या घालत होत्या. हात थांबले नाहीत.

"म्हणजे मी गेले ती गेलेच. वर मुलांचा नळही गेला."

"हो."

"जेवून घ्या. गार होतंय."

सोमवारी त्या पहिल्या गाडीनं गेल्या. मास्तर पुलापाशी थांबले नाहीत, सरळ पलीकडे गेले. दोन्हीकडची मुलं एका खोलीत दाटीवाटीनं बसली होती. बाईंची बोलत होती, मास्तरांची ऐकत होती. मास्तरांनी खडू घेतला. फळा त्यांच्या कमरेपाशी टांगलेला होता. ते वाकून लिहू लागले, तशी पाठीत कळ आली.

"असं नाही, मास्तर," पुढची मुलगी म्हणाली. "बाई गुडघ्यांवर बसायच्या. आमचापण हात पुरायला पाहिजे ना."

मास्तरांनी धोतर सावरलं आणि सगळ्या वर्गासमोर गुडघे टेकले. मग हळूहळू तारीख लिहिली.